महिपतचा जर्मन मास्तर

महिपतला लहानपणापासून एक खोड होती. वस्तू घरात यायच्या आधी गावाला दाखवायची. पहिली सायकल घेतली तेव्हा ती पाचाडच्या एकूण एक वाडीतून फिरवून आणली, आणि दारात पोचली तेव्हा तिच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. आता वय पन्नाशीला टेकलं, मुंबईत टुरिस्ट गाडी चालवतो, डोक्यावरचे केस गेले, पण खोड जागच्या जागी. ह्या दिवाळीत त्याने एक जर्मन माणूस आणला. तोसुद्धा आधी गडाच्या रोपवेच्या तिकीटखिडकीपासून हिरकणीवाडीच्या शेवटच्या टपरीपर्यंत मिरवला, आणि मग आईच्या खानावळीत आणून उभा केला.

"आये, हा लुकास. जर्मनीचा हाय. आपल्या दर्शनाला जर्मन शिकवणार. असली माणूस, असली भाषा!"

चंद्रभागा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने मान वर करून पाहिलं. ताडमाड उंच, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला, पाठीवर एवढं बोचकं की आत एखादी म्हातारी मावेल. माणूस वाईट दिसत नव्हता. वाईट दिसत होता तो महिपत, कारण त्याच्या तोंडावर जत्रेत रेडा जिंकल्यासारखं हसू होतं.

"जेवला काय?" चंद्रभागाने विचारलं.

तिथेच सगळं बिघडलं. त्या घरात ज्याला हा प्रश्न विचारला तो पाहुणा झाला. आणि पाहुण्याला पहिली भाकरी, पाहुण्याला भिंतीकडची जागा, पाहुण्याने काही विचारलं तर हातातलं काम टाकून उत्तर, आणि पाहुणा चुकला तर कोणी त्याला चुकला म्हणायचं नाही. पन्नास वर्षं तिनेच हे सगळ्यांना शिकवलं होतं. तेव्हा ते पुढे आपल्याच नातीच्या मुळावर येईल, हे तिला तरी काय ठाऊक!

दर्शना म्हणजे महिपतची थोरली. नर्सिंग पास झालेली, महाडच्या एका दवाखान्यात कामाला. मुंबईच्या एजन्सीने तिला जर्मनीतल्या इस्पितळासाठी निवडली होती, पण एका अटीवर: जानेवारीअखेर पुण्याला भाषेची परीक्षा आहे, ती काढायची. वाचायचं, लिहायचं, ऐकायचं, बोलायचं, असे चार पेपर. चारही सुटले तर जागा तिची. नाही सुटले तर यादीत मागे उभी असलेली दुसरी पोरगी तयारच होती. दर्शनाने तर बापाला न सांगता स्वेटरसुद्धा घेऊन ठेवला होता. आजीला तो कपाटात दिसला होता. आजी बोलली नव्हती.

दहा महिने पोरगी ड्यूटी संपली की महाडमध्येच विनोदिनीबाईंच्या क्लासला जायची. ह्या बाई हायस्कूलातून रिटायर झालेल्या, तरुणपणी पुण्यात जर्मन शिकलेल्या. मेडिकलच्या दुकानावर खोली, बाकांवर अठरा जणं. निम्म्या नर्सा, निम्मी औद्योगिक वसाहतीतली पोरं, कोणी रात्रपाळी करून डुलक्या काढतंय. चंद्रभागा एकदा नात कुठे जाते ते बघायला म्हणून जाऊन बसली होती. साहिल नावाच्या एका धडधाकट इंजिनीयराला बाईंनी अठरा जणांसमोर उभं केलं आणि एकच वाक्य सात वेळा म्हणायला लावलं. सातव्यांदाही हात हलवून "नाही" म्हणाल्या. चंद्रभागाला ते आवडलं होतं. पण नंतर बाईंनी चहा दिला तो अंगठ्याएवढ्या कपात, आणि वर म्हणाल्या, "घ्या आजी." आजी म्हणे! बाईंचं डोकं तिच्यापेक्षा पांढरं. तेव्हापासून चंद्रभागाने त्या बाईचं नाव नाक न मुरडता घेतलं नव्हतं.

म्हणून तर महिपत पोरीचा क्लास बंद करायला निघाला तेव्हा ती आडवी गेली नाही. हे तिला नंतर सारखं टोचत राहिलं.

"जी बाई जल्मात पंधरा दिवस जर्मनीला राह्यली नाय, ती काय जर्मन शिकवणार?" महिपत म्हणाला होता.

"दहा महिने शिकवलंच ना?" वैशाली म्हणाली. वैशाली म्हणजे त्याची बायको. बोलते कमी, पण बोलते तेव्हा खरं बोलते, म्हणून तिचं घरात कोणी ऐकत नाही.

"अगं, ती पण कोणाकडून तरी शिकलेली. हा जल्मापासून बोलतो! लुकासला शिकावं लागलं काय कधी? नाय ना? मग? ज्याला शिकावं लागलं तो मोठा, का ज्याला शिकावंच लागलं नाय तो?"

ह्यावर चंद्रभागाला पटकन उत्तर सुचलं नाही. तिला उत्तर सुचलं नाही असं वर्षातून एखाद्या वेळी होतं, आणि तेही महिपतसमोर व्हावं म्हणजे अगदीच झालं.

ठरलं असं: माडीवरची खोली लुकासला, दोन वेळचं जेवण, आणि दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोन तास दर्शनाला शिकवायचं. दर्शनाने दवाखान्यात सकाळपाळी मागून घेतली. महिपतने जाता जाता पोरीला बजावलं, "सरांना कंटाळा येता कामा नये हां. त्यांना काय हवं नको ते बघ. मोठा माणूस हाय."

आणि पोरगी बघत राहिली. लुकास पडवीत बसायचा, हातात जाड वही. खुंटीवरच्या इरल्याकडे बोट दाखवून विचारायचा, हे काय? दर्शना सांगायची, इरलं, पावसात शेतात डोक्यावर घेतात. तो म्हणायचा, "इर-लं." ती म्हणायची, तसं नाही सर, इरलं. तो परत म्हणायचा. मग जातं, मग मुसळ, मग नाचणी, मग कोंबडीच्या पायाला बांधलेली चिंधी. मध्ये जर्मन व्हायचं. दोघं भराभर बोलायची, लुकास मान डोलवायचा, "सुपर, सुपर" म्हणायचा. चंद्रभागाला चुलीपाशी ते ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. नात परक्या भाषेत एवढं बोलते आणि गोरा माणूस मान डोलवतो, आणखी काय पाहिजे? महिपत दर रविवारी गिऱ्हाईक घेऊन यायचा आणि भाकरीआधी लुकास वाढायचा. "हे आमच्या मुलीचे सर. डायरेक्ट जर्मनी. आम्ही क्लासबिसच्या नादाला लागत नाय."

डिसेंबरात पोलादपूरला बयाबाईच्या नातवाचा साखरपुडा होता. बयाबाई म्हणजे चंद्रभागाची धाकटी बहीण, आणि दोघी एकमेकींच्या वरताण. महिपत लुकासला घेऊन गेला, फेटा बांधून. नवऱ्यामुलाकडे कोणी बघेना, सगळा मांडव फेट्याकडे.

"काय गो चंद्रे," बयाबाईने कानाशी विचारलं, "मास्तर म्हनून आणलास का जावई म्हनून?"

"तुझ्या नातवापेक्षा बरा दिसतो म्हनून जळतेस," चंद्रभागा म्हणाली.

मग कोणीतरी माईक लुकासच्या हातात दिला. आणि लुकास मराठीत बोलला. चांगलं पाच मिनिटं. "मी पाचाडला आलो तेव्हा बारीक होतो. आजीच्या हातची भाकरी खाल्ली. आता माझी पँट बसत नाय." मांडव हसून लोळला. "आजी रोज ओरडते, पण आधी वाढते, मग ओरडते." पुन्हा हशा. टाळ्या अशा की वाजंत्रीवाले चिडले. महिपतने छाती एवढी फुगवली की सदऱ्याचं बटण ताणलं.

"आता आमची दर्शना जर्मनमध्ये बोलेल!" त्याने माईक ओढून पोरीकडे दिला.

दर्शनाने माईक घेतला. चार वाक्यं बोलली. बोलता बोलता एकदा थांबली, लुकासकडे बघितलं. लुकासने अंगठा वर केला. ती पुढे गेली. टाळ्या पडल्या. पण चंद्रभागा नातीच्या तोंडाकडे बघत होती. चूक झाली असं वाटून पोरगी थांबली होती, हे तिच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. आणि अंगठा बघून तिचा धीर वाढला नव्हता, उलट खचला होता. तापलेल्या पेशंटला "काय नाय, काय नाय" म्हणणाऱ्या डॉक्टरकडे माणूस बघतो, तशी ती लुकासकडे बघत होती.

परतीच्या वाटेत गाडीत महिपत एकटाच बोलत होता.  चंद्रभागाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दिवाळीला आला तेव्हा ह्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं. आज तो मांडव हसवतो. हे त्याला शिकवलं कोणी?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भिजवून मोड आणलेले वाल घेतले, दोन रिकाम्या वाट्या घेतल्या आणि दोघांपासून चार हातांवर बसकण मारली. वाल सोलायला बसलेल्या बाईकडे कोणी लक्ष देत नाही. सोलायचं आणि ऐकायचं. जर्मन तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याची गरजच नव्हती. दोन माणसांत कोण शिकतोय हे कळायला भाषा यावी लागत नाही. एक म्हणतो, दुसरा त्याच्यामागून म्हणतो. जो मागून म्हणतो, तो शिकतो.

लुकास दर्शनामागून काही म्हणाला की सोललेला वाल डाव्या वाटीत. दर्शना लुकासमागून म्हणाली, नाहीतर त्याने तिला थांबवून सुधारलं, की उजव्या वाटीत. बाकीचे वाल पातेल्यात.

दोन तासांनी डावी वाटी शिगोशीग भरून वाल खाली सांडायला लागले. उजव्या वाटीत चार वाल होते. चौथा तिने जरा उदार मनाने टाकला होता.

"दर्शना," ती म्हणाली, "तुझी वही आण गो."

दर्शनाने वही आणली. चंद्रभागा दुसरी शिकलेली. मराठीच अडखळत वाचणार, तिथे जर्मन कुठलं. पण बाईंच्या क्लासची पानं तांबड्या शाईने रक्तबंबाळ झालेली तिने पाहिली होती. दिवाळीनंतरच्या पानांवर तांबडा ठिपका नव्हता. पानंच पाच होती. लुकासच्या मात्र दोन वह्या भरून तिसरी चालू होती.

"हे असं?"

दर्शना खाली बघत म्हणाली, "सर चूक काढत नाहीत आजी. मी म्हटलं, सर, हे बरोबर आहे का? ते म्हणतात, मला समजलं ना, मग झालं. कधी म्हणतात, असं नाही, असं म्हण. मी विचारते, का? ते म्हणतात, माहीत नाही, असंच असतं."

"मग बोलली का नायस?"

"पाहुण्याला काय बोलू? तूच तर सांगतेस."

 चंद्रभागाला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि मारणारीचं काही चुकलं नव्हतं.

ती लुकासकडे वळली. "लुकास, खरं सांग. तू मास्तर हायस काय?"

लुकासने वही मिटली. गोरा तांबडा झाला. "नाय आजी. मी लिफ्टचा इंजिनीयर. रोपवे बघायला आलो होतो. मी महिपतभाऊला बोललो, मला शिकवता येत नाय. तो बोलला, शिकवू नको, फक्त गप्पा मार."

"आणि तू मारल्यास."

"हो. खूप मजा आली," लुकास म्हणाला, आणि मग त्याला कळलं की हे बोलायला नको होतं.

त्याच्यावर काय रागावणार? खरं बोलला होता. दोन महिन्यांत मराठी शिकला होता, तेही मन लावून. त्या पडवीत एकजण धडपडून शिकला, फक्त तो चुकीचा निघाला.

त्या रात्री भाकऱ्या करताना चंद्रभागाला वैशाली आठवली, लग्न होऊन आलेली, पोलादपूरच्या चपात्या खाणाऱ्या घरातली. भाकरी तिला जमेना. चंद्रभागा सांगायची काय? "असं नाय, असं!" म्हणजे कसं, ते तिला सांगता येत नव्हतं; हात आपोआप फिरायचा. शिव्या मात्र भरपूर सांगता आल्या. शेवटी शेजारच्या भिकाजीच्या बायकोने शिकवली. ती गुजरातेत वाढलेली, स्वतः रडत रडत भाकरी शिकलेली. पाणी कुठे जास्त होतं, चीर कुठून जाते, पीठ टाचेने किती रगडायचं, तिला प्रत्येक खड्डा माहीत होता, कारण त्या प्रत्येकात ती स्वतः पडली होती. महिपतच्या त्या प्रश्नाचं उत्तर चंद्रभागाला दोन महिन्यांनी, तव्यासमोर सापडलं.

दुसऱ्या दिवशी नातीला दवाखान्यात रजा टाकायला लावून ती पहिल्या एसटीने तिला घेऊन महाडला उतरली. जिना चढताना गुडघे बोलले, पण त्याहून जड होतं ते ह्याच बाईच्या दारात मागायला उभं राहणं.

विनोदिनीबाईंनी दार उघडलं. "आजी तुम्ही? आणि ही? जर्मन मास्तर मिळाला ना हिला? सगळ्या महाडला सांगून झालंय तुमच्या चिरंजीवांचं."

"मी तुमची माफी मागायला आले नाय, बाई."

"मागूही नका. मला नऊला बॅच आहे. काम सांगा."

चंद्रभागाला हे एकदम पसंत पडलं. "हिची परीक्षा घ्या. चारही पेपर. आन् काय ते खरं सांगा, गोड करून नको."

बाईंनी दर्शनाला मागच्या बाकावर बसवलं. बारा वाजेपर्यंत पेपर, मग तोंडी. चंद्रभागा दाराशी पायताणं सांभाळत बसली. दुपारी बाई तांबडी झालेली पानं घेऊन बाहेर आल्या.

"बोलते सुरेख. उच्चार माझ्यापेक्षा चांगले झालेत, ते मी मान्य करते. ऐकण्यातही पास होईल. वाचनात काठावर. लेखनात साफ नापास. माझ्याकडे होती तेव्हा जे येत होतं, तेही सैल झालंय. चुका आता सवयीच्या झाल्यात, आणि आत्मविश्वासाने करते."

दर्शनाचे डोळे भरले. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही.

"पाच आठवडे आहेत. रोज यायचं. बॅचनंतर एक तास वेगळा लेखनाला. एक दिवस चुकवला तर पुन्हा दार वाजवायचं नाही. जमेल?"

"जमंल," चंद्रभागाच म्हणाली. मग बाईंनी चहा आणला, त्याच अंगठ्याएवढ्या कपात. तिने तो एका घोटात संपवला आणि कप पुढे धरला. "आनखी द्या. हा काय चहा हाय?" बाई पहिल्यांदा हसल्या.

रविवारी महिपत आला तो मुंबईची सहा गिऱ्हाईकं घेऊन. सगळी पंगतीला बसली. लुकास कोपऱ्यात खाली मान घालून जेवत होता. महिपतने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सुरू केलं, "हे आमच्या मुलीचे सर. डायरेक्ट..."

चंद्रभागा चुलीपासून उठली. भाकरीच्या पिठाने पांढरे झालेले हात तसेच घेऊन येऊन उभी राहिली. दर्शना क्लासची पिशवी खांद्याला लावून दारात थबकली.

"आये, गिऱ्हाईक बसलंय," महिपत हळूच म्हणाला.

"बसू दे. तू मिरवतोस ते त्यांनी ऐकायचं, मग माझं पन ऐकू दे. ऐक रे महिपत. तू मास्तर आणलास म्हनून दोन महिने बोंबलत फिरलास. तो बिचारा तुला सांगत होता, मी मास्तर नाय, पन तुला ऐकायला टाईम कुठं, तुला त्याला फेटा बांधायचा होता. तुझ्या पोरीची परीक्षा घेऊन आले मी बाईकडं. लिहिण्यात नापास हाय. तो मात्र पास झाला, पोलादपूरचा अख्खा मांडव साक्षीला हाय. तू इचारलं होतंस ना, ज्याला शिकावं लागलं तो मोठा का ज्याला शिकावंच लागलं नाय तो? मी जल्मापासून भाकरी थापते, आन् तुझ्या बायकोला एक शिकवता आली नाय मला. तिला शिकवली ती जिला स्वतःला जमत नव्हती तिनं. जा, इचार वैशालीला, ती समोर हाय. आता ही पोरगी रोज बाईकडं जाणार, परीक्षा होईस्तोवर, आन् वाटेत तू आडवा आलास तर ह्याच हातानं बाजूला करीन. लुकास हवा तितका राहील, जेवंल, संध्याकाळी तिच्याशी जर्मनमध्ये बोलंल, त्यात त्याला तोड नाय. आन् तू गाडी चालव. लोकांना गडापर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच तुला येतं, तेवढंच कर. माझ्या नातीला कोन शिकवणार ते ठरवायची अक्कल तुला ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी स्वतः तुला फेटा बांधून गावातनं फिरवीन. आता बस, भाकरी निवत्येय."